हॅमचा कट

हॅम शिजवायला पातेल्यात काय ओतावं, या विषयावर सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त मास्तरणीनं मत द्यावं याचं काहींना हसू येईल. खुशाल हसा. लेक इंग्लंडात, सॉमरसेट परगण्यात राहते. दर एक-दोन वर्षांआड माझा डिसेंबर तिच्याकडे जातो आणि नाताळच्या आधीचे आठ दिवस त्या घरात या एका प्रश्नावर जेवढी चर्चा होते, तेवढी आपल्याकडे लग्नाच्या याद्या करतानाही होत नसेल. इतकं ऐकल्यावर माझंही मत झालं आहे. आणि झालेलं मत पोटात ठेवायची सवय मला शिक्षकीत कधी लागली नाही.

मत असं आहे. हॅम कशात शिजवायचा हे ठरवताना हॅमचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी पाहावं, पंगतीला कोण कोण बसणार आहे. मग पाहावं, दुसऱ्या दिवशी त्या पाण्याचं काय करणार. एवढं ठरलं की पातेल्यात काय ओतायचं ते आपोआप ठरतं.

ज्यांना हा पदार्थ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हॅम म्हणजे डुकराची मागची अख्खी मांडी, मिठात मुरवलेली. इंग्लंडात ती कच्ची असते तेव्हा तिला गॅमन म्हणतात, शिजली की हॅम. नाताळात तीन-चार किलोंचा तुकडा आणतात, मोठ्या पातेल्यात मंद आचेवर शिजवतात, मग वरची जाड कातडी काढून खालच्या चरबीवर सुरीनं शंकरपाळ्यासारख्या रेघा मारतात, प्रत्येक चौकोनात एक लवंग खुपसतात, वर मोहरीची चटणी आणि ब्राऊन शुगर फासून भट्टीत लालसर करतात. दिसायला फार देखणं प्रकरण असतं. (अमेरिकेत बहुतेक हॅम दुकानातूनच शिजवलेले येतात. ते नुसते गरम करायचे असतात. त्यांना हा प्रश्नच पडत नाही.)

मी खाते का, असं गावाकडे प्रत्येक जण विचारतो. मटण खाणाऱ्या घरातली आहे मी. सुरुवातीला खाल्ला नाही, आता दोन चकत्या खाते. ज्यांना तो वर्ज्य आहे त्यांना आग्रह करण्यात काहीच हशील नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

आता लेकीच्या घरातले पक्ष सांगते. माझी नात सतरा वर्षांची आहे. तिचा पक्ष कोका-कोलाचा. तुम्ही म्हणाल थट्टा करतेय. अजिबात नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे, जिथल्या अटलांटा शहरात १८८६ साली हे पेय जन्माला आलं, तिथे हॅमला कोक लावायची जुनी रीत आहे. इंग्लंडात तिला घरोघर पोचवलं नायजेला लॉसन या बाईंनी. त्यांच्या २००१ सालच्या ‘नायजेला बाइट्स’मध्ये ही कृती आहे आणि तेव्हापासून तिथल्या तरुण मंडळींना नाताळचा हॅम म्हणजे कोकमधलाच, असं वाटतं. जावयाचा पक्ष सायडरचा. सॉमरसेट म्हणजे सफरचंदांचा मुलूख. सफरचंदाचा रस आंबवून केलेली ही दारू तिथे इतकी घरची, की कारहॅम्प्टन नावाच्या गावात १७ जानेवारीला सफरचंदाच्या झाडाभोवती जमून लोक गाणी म्हणतात आणि त्याच्या मुळाशी सायडर ओततात. जे झाडाला चालतं ते हॅमला का चालू नये, हा जावयाचा युक्तिवाद. आणि तिसरा पक्ष आमच्या विहीणबाईंचा. त्यांचं वय आता ब्याऐंशी. त्या म्हणतात, साधं पाणी, एक कांदा, एक गाजर, तमालपत्र, दहा मिरे. बाकी सगळी नाटकं.

विहीणबाईंच्या या साधेपणाला इतिहास आहे. महायुद्धात इंग्लंडमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी शिधावाटप सुरू झालं, तेव्हा पहिल्या तीन जिनसांत बेकन होतं आणि हॅमही त्यातच मोजला जाई. लोणी आणि साखर हे दुसरे दोन. आणि हे शिधावाटप संपलं ४ जुलै १९५४ ला, तेही मांस आणि बेकन सगळ्यात शेवटी मोकळं करून. म्हणजे या बाई युद्धात जन्मल्या आणि शाळेत जायला लागल्या तरी घरात मांस मोजूनमापूनच येत होतं. हॅमचं हाड आणि हॅमचं पाणी फेकून द्यायचं असतं ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात बसत नाही. माझ्याही बसत नाही. आमचं दोघींचं इंग्रजीत फार बोलणं होत नाही, माझं इंग्रजी व्याकरणाच्या तासापुरतं. पण त्या पातेल्यापाशी आमचं छान जमतं.

कारण आपल्याकडे याला शब्दच आहे. कट. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचं पाणी आपण काढून ठेवतो आणि त्याची आमटी करतो. होळीच्या दिवशी पुरणपोळीइतकीच वाट त्या आमटीची पाहिली जाते. काही घरांत जास्तच. आता विचार करा, कोणी डाळ शिजवतानाच पाण्यात गूळ घातला तर? पुरण होईलही कदाचित, पण आमटी गेली. आपल्या आज्या-पणज्यांनी गूळ नंतर घालायचं ठरवलं त्यात चवीची आणि काटकसरीची दोन्ही गणितं होती. कोल्हापूरकडे मटणाचं अळणी पाणी बाजूला काढतात, तिथेही तेच गणित.

हॅमच्या बाबतीत जगात जिथे जिथे लोक शहाणे आहेत तिथे हेच केलेलं दिसतं. स्वीडनमध्ये नाताळच्या हॅमचं पाणी जेवणातच मानानं बसतं. पातेलं तसंच गरम ठेवतात आणि ब्रेडचे तुकडे त्यात बुडवून खातात. ‘डोप्प इ ग्रीतान’ म्हणतात त्याला, म्हणजे सरळ ‘पातेल्यात बुडवणं’. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात ईस्टरला हॅम पांढऱ्या वाइनमध्ये शिजवतात, पण तिथे तो द्रव हॅमच्या तुकड्यांवर ओतून, भरपूर पार्सली घालून थिजवतात आणि सगळं मिळून वडीसारखं कापून खातात. म्हणजे वाइन घातली ती वाया जात नाही, ताटात येते. आणि खुद्द इंग्लंडात दुसऱ्या दिवशी वाटाण्याच्या डाळीचं सूप होतं. लंडनच्या जुन्या दाट पिवळट धुक्याला ‘पी-सूपर’ म्हणत ते या सुपावरूनच. हे सूप इतकं दाट असतं की आपण त्याला सूप न म्हणता वरणच म्हणू.

आता स्वयंपाकाची बाजू. पातेल्यातली चव हॅममध्ये किती शिरते? लोक समजतात त्याहून फार कमी. हॅम आधीच मिठात मुरलेला, आतून घट्ट, ओला. शिजताना त्यातलं मीठ बाहेर पाण्यात येतं, थोडा रस बाहेर येतो. बाहेरची चव आत जाते ती वरच्या जेमतेम काही मिलिमीटर थरात. तीन किलोच्या तुकड्याच्या मधली चकती काढून डोळे मिटून खाल्ली तर ती कोकमध्ये शिजली की सायडरमध्ये, हे सांगणं कठीण. कडेच्या चकतीत कळतं. जी काही वेगळी चव लोकांना आठवते ती बरीचशी शेवटी फासलेल्या मोहरी-साखरेची आणि स्वयंपाकघरात दिवसभर दरवळलेल्या वासाची. खरं काम करतात ते तीन साधे नियम. हॅम फार खारट असेल तर रात्रभर गार पाण्यात भिजवायचा, किंवा एक उकळी आणून पहिलं पाणी टाकून द्यायचं. कडेचा छोटा तुकडा उकळून चाखला की किती खारट आहे ते कळतं, शितावरून भाताची परीक्षा. मग दर अर्ध्या किलोला साधारण वीस मिनिटं आणि वर वीस, हा तिथला जुना हिशेब. आणि पाणी खदखदू द्यायचं नाही, नुसतं हललं पाहिजे. खदखदलं की मांसाचे तंतू आवळतात आणि कोरडे पडतात, मग तुम्ही त्यात शॅम्पेन ओता नाहीतर गंगाजल.

म्हणजे पातेल्यातल्या द्रवाची चव जास्तीत जास्त कुठे कळणार? त्या द्रवातच! म्हणूनच माझं म्हणणं की निवड त्याच्या पुढच्या जन्माकडे पाहून करावी.

कोकचं घ्या. शंभर मिलिलिटर कोकमध्ये सुमारे साडेदहा ग्रॅम साखर असते. कृतीत दोन लिटर सांगतात, म्हणजे पातेल्यात दोनशे ग्रॅमच्या वर साखर गेली. त्यात हॅमचं मीठ उतरलं. झालं, गोड-खारट काळं पाणी. त्याचं तुम्ही काय करणार? पुस्तकवाल्या त्यातही सूप करतात म्हणे. करोत. पण त्यात दुसरी अडचण आहे, ती आपल्या बायकांना लगेच कळेल. कोक आंबट असतो. साखरेमुळे जाणवत नाही, पण त्यात फॉस्फरिक आम्ल आहे. आणि आंबटात डाळ शिजत नाही! चिंच, आमसूल आपण डाळ शिजल्यावर घालतो ते काय उगीच? वाटाण्याची डाळ त्या पाण्यात तासभर ठेवली तरी दाताखाली येते. (साखर नको म्हणून डाएट कोक वापरावा असं कोणाच्या मनात येईल, तर त्यातला गोडवा दीर्घ उष्णतेत मोडतो. उरतं ते नुसतं आंबट.) नातीला हे मी वहीवर मांडून दाखवलं. ती म्हणाली, “आजी, इट्स क्रिसमस.” यावर उत्तर नाही हे खरं, पण हा युक्तिवादही नाही.

काळी बिअर, स्टाउट वगैरेंचं थोडक्यात सांगते. तिचा कडवटपणा उकळून जात नाही. पाणी आटलं की उलट वाढतो. वाइनचं म्हणाल तर आठशे रुपयांची बाटली चार लिटर खाऱ्या पाण्यात बुडवायची, हे माझ्या पेन्शनच्या मनाला झेपत नाही. बर्गंडीवाल्यांचं वेगळं, ते ती खातात.

राहिली सायडर. चवीच्या दृष्टीनं ती उत्तम आहे, हे मी जावयाला मोकळ्या मनानं सांगते. डुकराचं मांस आणि सफरचंद यांचं नातं आपल्याकडच्या मासा-कोकम नात्याइतकं जुनं असावं. कोरडी सायडर घेतली तर साखरही फार नसते. तरी माझं मत सायडरविरुद्ध आहे, आणि त्याचं कारण स्वयंपाकघरात नाही, पंगतीत आहे.

जावयाच्या थोरल्या भावानं दारू सोडून आता नऊ वर्षं झाली. कशी सोडली, त्याआधी काय काय झालं, ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मोठा हसरा गृहस्थ आहे. माझ्यासाठी दर वेळी आठवणीनं चहाचा डबा आणतो. काही वर्षांपूर्वीच्या नाताळात हॅम कापला गेला, ताटं फिरली, आणि त्यानं अगदी सहज, हसत विचारलं, “कशात शिजवलाय?” जावयानं अभिमानानं सायडरचं नाव सांगितलं. त्यानं मान डोलावली, “मस्त वास येतोय” म्हणाला, आणि बटाटे, गाजरं, ब्रसेल्स स्प्राउट्स एवढंच वाढून घेतलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. विहीणबाईंच्या आलं. त्या माझ्या समोर बसल्या होत्या. त्यांनी आपल्या ताटातला हॅम तसाच ठेवला.

नंतर मी लेकीजवळ विषय काढला तर जावई म्हणाला, “आई, दोन-अडीच तास उकळल्यावर दारू राहते कुठे?” हा समज सगळ्या जगात आहे. प्रत्यक्षात अमेरिकेत १९९२ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तिथल्या कृषी खात्याच्या कोष्टकातही ते आकडे आले. पदार्थात मिसळून मंद शिजवलं तर पंधरा मिनिटांनी ४० टक्के दारू उरते, तासानं २५ टक्के, अडीच तासांनी ५ टक्के. तेही पातेलं किती रुंद, झाकण आहे की नाही, यावर अवलंबून. हॅमचं पातेलं खोल असतं, झाकलेलं असतं आणि आच मंद. उडून जायला वाव कमीच.

आता मी गणिताची बाई नसले तरी खोटा हिशेब मांडणार नाही. दोन लिटर सायडरमध्ये पाच टक्क्यांनी शंभर मिलिलिटर मद्य. त्यातलं उरणार थोडं, त्यातलं हॅममध्ये जाणार अगदीच थोडं. एका चकतीत थेंबभरही नसेल. जावयाचं म्हणणं आकड्यांत चूक नाही. पण त्या माणसानं आकडा विचारलाच नव्हता. सकाळपासून सगळ्या घरात सायडरचा गरम वास भरलेला होता. पाहुणे म्हणत होते काय सुंदर वास आहे. नऊ वर्षं ज्या वासापासून माणूस रस्ता बदलून चालतोय, तो वास आपण त्याच्या आईच्या घरात सणाच्या दिवशी पातेलंभर उकळत ठेवायचा, आणि वर म्हणायचं की आता त्यात काही उरलं नाही. आमच्या गावातही अशी माणसं मी पाहिली आहेत. वर्गात बसलेली पोरंही पाहिली आहेत, ज्यांच्या बापानं दारू सोडलेली असायची आणि लग्नाच्या पंगतीत कोणीतरी “एक घोटानं काय होतंय” म्हणायचं. काय होतंय ते पोरांना ठाऊक असायचं.

त्यानं कधी तक्रार केली नाही, करणारही नाही. म्हणूनच ज्यांनी पातेलं चढवायचं त्यांनी आधी विचार करावा. चव महत्त्वाची हे मान्य. पण ज्या चवीचा फरक मधल्या चकतीत ओळखूही येत नाही, तिच्यासाठी घरातला एक माणूस बटाट्यावर जेवावा?

त्यानंतरच्या नाताळात मी होते तेव्हा लेकीनं माझं ऐकलं. तीन किलोचा हॅम, तीन लिटर पाणी आणि एक लिटर सफरचंदाचा साधा रस. (अमेरिकेत साध्या रसालाही सायडर म्हणतात, तेव्हा पुस्तकं वाचताना लेखक कुठला ते पाहावं. इंग्लंडातली सायडर म्हणजे दारूच.) सफरचंदाच्या रसातही जवळजवळ कोकइतकीच साखर असते, म्हणून नुसता रस वापरायचा नाही. चार लिटरमध्ये एक लिटर रस म्हणजे गोडी नावापुरती राहते आणि वास मात्र सफरचंदाचा येतो, तोही शाळकरी, निष्पाप. कांदा, गाजर, तमालपत्र, दहा मिरे हे विहीणबाईंच्या कृतीतून जसंच्या तसं. नातीला वरून फासायला ब्राऊन शुगर दिली, तिनं हवी तेवढी फासली. गरम मसाला घालण्याचा मोह मला होतो असं लेकीला वाटतं. होत नाही. प्रत्येक गोष्टीला आपला मसाला लावला म्हणजे ती आपली होते असं मी मानत नाही.

ताटं फिरली तेव्हा थोरल्यानं पुन्हा तसंच सहज विचारलं, कशात शिजवलाय. या वेळी विहीणबाईच बोलल्या. “पाणी आणि सफरचंदाचा रस.” त्यानं तीन चकत्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशीचं सूप मी आणि विहीणबाईंनी मिळून केलं. अर्धा किलो वाटाण्याची डाळ आधी साध्या पाण्यात अर्धीअधिक शिजवून घ्यायची, कारण कितीही पातळ केला तरी रस थोडा आंबटच. मग गाळलेला हॅमचा कट घालायचा, सगळा एकदम नाही, एकेक डाव घालून चाखत. मीठ अजिबात घालायचं नाही, ते कटात असतंच, आणि माझ्यासारख्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर पाणी वाढवूनच घ्यावं. हाड त्यातच सोडायचं. डाळ विरघळली की हाडाला चिकटलेलं मांस काढून परत घालायचं. त्या ब्रेडबरोबर खातात. मी माझ्या वाटीत लाल तिखट घालून घेते, तो माझा खासगी मामला आहे. उरलेला कट गार झाला की वर चरबीचा थर येतो तो काढून टाकायचा, आणि खालचं जेलीसारखं झालेलं डब्यांत भरून फ्रीजरमध्ये. तीन महिने सहज टिकतो. डब्यावर तारीख लिहावी. आमच्या लेकीच्या फ्रीजरमध्ये बिनतारखेचे सहा डबे आहेत आणि त्यातला कोकचा कुठला हे कोणालाच सांगता येत नाही.